वाढीची पट्टी

आण्णांचा शेवटचा साधा दिवस रविवार होता आणि तो त्यांनी आमच्या गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून काढला.

गाडी चोवीस वर्षांची. मी पेठ वडगावच्या कॉलेजात मराठी शिकवते आणि कोल्हापूरहून रोज तिच्यातूनच जाते-येते. शनिवारी दुपारी परतताना समोर बॅटरीचा लाल दिवा लागला. घराच्या गेटात पोचता पोचता गाडी बंद पडली. आण्णा म्हणाले, "डायनामो गेला." बॅटरी चार्ज करणाऱ्या त्या भागाला मी अल्टरनेटर म्हणायची, ते डायनामोच म्हणत. संध्याकाळी ते उद्यमनगरात जाऊन ओळखीच्या दुकानातून दुरुस्त केलेला एक अल्टरनेटर घेऊन आले. आमच्याच गाडीचा मिळाला नव्हता, दुसऱ्या गाडीचा होता. "ताकद तेवढीच हाय. बसवायचं माझ्यावर," म्हणाले.

सोमवारी सकाळी साडेआठला माझी परीक्षेची ड्यूटी होती. मला गाडी हवी होती. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

रविवारी सकाळी आठलाच त्यांनी अंगणात पोतं अंथरलं आणि हत्यारांची पेटी उघडली. मला मदतीला उभं केलं.

"आधी काळी वायर," ते बॅटरीकडे बोट करून म्हणाले. "काळी वायर काढल्याबिगर डायनामोला हात लावायचा न्हाई. लावताना काळी शेवटाला. ध्यानात ऱ्हाईल?"

"दर वेळी सांगता."

"दर वेळी ईसरतीस. आता दहाचा पाना दे, मास्तरीणबाई."

मी दिला.

"ह्यो बारा हाय. एवढी पुस्तकं वाचतीस न्हवं?"

"तेल बसलंय त्याच्यावर, आण्णा. आकडा दिसत नाही."

"मग हातानं वळखायचा. तुझ्या आईला अंधारात मिठाचा डबा घावतोय की."

आतून आई ओरडली, "मला मध्ये घेऊ नका! आंघोळीचं पाणी गार व्हायला लागलंय तेवढं बघा."

"हू दे गार. डायनामोबी गारच हाय."

पट्टा ढिला करून उतरवला, मागच्या वायरी सोडल्या, बोल्ट काढले. अकराच्या सुमाराला जुना अल्टरनेटर पोत्यावर आला. नवा त्याच्या जागी धरून बघितला, तर त्याचा पाय अरुंद. मध्ये लोखंडी पट्टी घालावी लागणार होती. तिला दोन भोकं इंजिनाच्या बाजूची आणि एक अल्टरनेटरच्या बाजूचं. आण्णांना यात अवघड काही नव्हतं. त्यांनी एक्केचाळीस वर्षं उद्यमनगरात पॅटर्न बनवले होते.

पॅटर्न म्हणजे लाकडाची वस्तू. फौंड्रीत तिचा ठसा वाळूत उमटवतात आणि त्या पोकळीत लोखंड ओततात. पंपाचा, इंजिनाचा, ऑइल मिलचा भाग आधी असा सागवानात घडतो. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं. म्हणून पॅटर्न मुळातच थोडा मोठा करावा लागतो, शंभराला एक एवढा. दर वेळी हा हिशोब करत बसायला नको म्हणून पॅटर्नवाल्यांची मोजपट्टीच वेगळी असते. दिसायला इतर स्टीलच्या पट्टीसारखी, पण तिच्यावरचा प्रत्येक सेंटीमीटर खऱ्या सेंटीमीटरपेक्षा केसभर मोठा. आमच्या घरात तिला वाढीची पट्टी म्हणत. तिच्या भोकात आण्णांनी लाल दोरा बांधलेला असे, आणि त्या दोऱ्याला मी किंवा आईनं हात लावायचा नाही असा दंडक होता.

सहावीत असताना मी तो मोडला होता. माझी पट्टी हरवली म्हणून दप्तरात ती घालून भूमितीच्या परीक्षेला गेले. माझे सगळे त्रिकोण मोठे आले आणि बाईंनी गुण कापले. आण्णांनी उत्तरपत्रिका बघितली, दोऱ्याची पट्टी बघितली आणि आठवडाभर ते येईल त्याला सांगत हसत होते, "पोरीचं बरोबरच हाय. वतून गार केल्यावर मापात बसतंय बघा!"

म्हणजे पट्ट्यांतला हा फरक आमच्या घरात मलासुद्धा कळतो. आण्णांना तो झोपेतही कळला असता.

त्या रविवारी त्यांनी इंजिनावरच्या दोन भोकांमधलं अंतर साध्या पट्टीनं मोजलं. "एकशे साठ," मला म्हणाले. मग लोखंडाचा तुकडा वाईसमध्ये धरला आणि त्यावर खुणा करायला पेटीतून दुसरी पट्टी काढली. लाल दोरा त्यांच्या मनगटावर लोंबत होता. त्यांनी तो बाजूला सारला, डोळे बारीक केले, एकशे साठवर पंच ठेवला आणि हातोडी मारली.

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते.

मला वाटलं, ते आता स्वतःच थांबतील. मग वाटलं, यात काही युक्ती असेल, मला काय कळतंय. मग ड्रिल मशीन लागलं. त्या आवाजात मी हिशोब करून टाकला: एकशे साठला एक पूर्णांक सहा. दीड मिलिमीटरहून जरा जास्त. सांगितलं असतं तर त्यांनी तो तुकडा फेकून दिला असता, दुसरा शोधून पहिल्यापासून सुरुवात केली असती, आणि संध्याकाळ गेली असती. शिवाय त्यांचा चेहरा मला बघावा लागला असता. पण हे 'शिवाय' नंतरचं आहे. पहिलं मनात आलं ते सोमवारचं साडेआठ.

ती लोखंडी पट्टी बसली नाही. एक बोल्ट गेला की दुसरा भोकाच्या कडेवर अडायचा. आण्णांनी ती उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली.

"का बसंना ही?" ते म्हणाले. "इंजिनाचंच माप चुकवलंय भाड्यांनी."

असं ते कधी म्हणाले नव्हते. दुसऱ्याचं माप चुकलं असं म्हणण्याआधी ते आपलं माप तीनदा तपासत.

चार वाजता आईनं चहा आणला. त्यांनी कप डाव्या हातात घेतला आणि तो कलला. चहा विजारीवर सांडला. त्यांनी हाताकडे बघितलं. हात दुसऱ्या कुणाचा असावा तसं.

"हात झोपला," म्हणाले.

"दिवसभर वाकून बसल्यावर काय होणार?" मी म्हटलं.

सहा वाजता त्यांनी बॉनेट लावून टाकलं. अर्धवट काम टाकून उठताना मी त्यांना याआधी बघितलं नव्हतं. "उद्या बघू गं. आज डोस्कं चालंना."

"उद्या मला साडेआठला पोचायचंय."

"यस्टीनं जा की एक दिवस."

"जाते," मी म्हटलं. आवाजात जे होतं ते मला ऐकू आलं होतं. त्यांनाही आलं असेल.

सोमवारी सहाला आईनं त्यांना उठवलं तेव्हा तोंड एका बाजूला ओढलं होतं आणि बोलता येत नव्हतं. हॉस्पिटलमध्ये तरुण डॉक्टर होते, शांतपणे एकेक विचारत होते. बीपीच्या गोळ्या घेतात का. दारू, तंबाखू. मग त्यांनी विचारलं, "काल दिवसभरात काही वेगळं जाणवलं होतं का? हातात अशक्तपणा, वस्तू सांडणं, नेहमीच्या कामात गोंधळ?"

"छे हो," आई म्हणाली. "काल तर दिवसभर गाडीचं काम करत होते. धडधाकट होते."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या पेनकडे बघत होते. पेन थांबलं होतं. मग आईनं सांगितलं ते त्यांनी लिहून घेतलं.

बुधवारी दुपारी आण्णा गेले.

पुढं मी यावर पुष्कळ वाचलं. वाचायची सवय आहे, दुसरं काही येत नाही. कुठं लिहिलं होतं की असे इशारे ओळखून वेळेत नेलं तर माणूस वाचू शकतो. कुठं लिहिलं होतं की या वयात खात्री देता येत नाही. दोन्ही खरं असावं. मला त्यातलं कुठलं हवं होतं ते मला ठरवता आलं नाही.

रक्षाविसर्जन झालं. पंचगंगेच्या घाटावरून माणसं परत घरी आली. मग रोज कुणी ना कुणी भेटायला येत राहिलं. आई प्रत्येकाला तेच सांगायची. हळूहळू त्या सांगण्याचे शब्दही ठरून गेले: "शेवटच्या दिवसापर्यंत हातात पाना होता. अंथरुणाला खिळले नाहीत, कुणाला त्रास दिला नाही. आणि हात कसा, एक माप चुकलं नाही." येणारे मान हलवत. "भाग्यवान माणूस, वैनी." ते ऐकलं की आईची पाठ जराशी सरळ व्हायची. तेवढ्यावर ती जेवायची, झोपायची. मी आत चहा करत असे. गाळणं धरून उभी राहत असे आणि वाटे, हे वाक्य तिच्याकडून काढून घ्यायचा मला काय अधिकार आहे. तिथंच थांबणं सोपं होतं.

गाडी दीड महिना तशीच उभी होती. मी एसटीनं जात होते.

मग एका रविवारी हंबीरराव आले. हे आण्णांचे फौंड्रीतले सोबती, त्यांना अंबादास म्हणून नावानं हाक मारणारे. आण्णा पॅटर्न करायचे आणि हे त्यावरून ओतायचे, अशी तीस वर्षं. अलीकडंच गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे हातात काठी.

"गाडी किती दिस झाकून ठेवणार?" ते आल्या आल्या म्हणाले. "चालवायची चीज हाय ती का फोटू हाय? काढ पेटी. मी बसून सांगतो, तू कर. माझं गुडघं नवं हायत, कंपनीनं वाकायला परवानगी दिली न्हाई."

प्लॅस्टिकच्या खुर्चीत ते गाडीसमोर बसले. आई पायरीवर शेंगा फोडायला बसली. मी बॉनेट उघडलं. बॅटरीची काळी वायर आण्णांनी काढून ठेवलेलीच होती.

"दुसऱ्या गाडीचा डायनामो म्हटल्यावर मधी पट्टी लागणार," हंबीरराव म्हणाले.

"त्यांनी केली आहे," आई लगेच म्हणाली. "पेटीतच आहे. भावजी, तीच बसवायची हं. त्यांच्या हातचं शेवटचं काम आहे. गाडी चालेल तोवर तिच्यात राहू दे."

"तीच की वैनी. अंबादासच्या हातचं म्हटल्यावर दुसरी कशाला?"

मी पट्टी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती फिरवून बघितली, भोकांच्या कडांवरून अंगठा फिरवला, मान डोलावली. "लाव."

मी लावली. एक बोल्ट गेला. दुसरा अडला.

"ढकल जरा."

"जात नाही."

"म्हाताऱ्यावानी काय हळू हळू? दम लाव!"

"काका, भोकच जुळत नाही."

त्यांनी पट्टी परत मागितली. काठी बाजूला ठेवून पेटीतलं व्हर्नियर काढलं आणि दोन भोकांमधलं अंतर मोजलं. मग मला इंजिनावरचं मोजून सांगायला लावलं. मी आकडा सांगितला. त्यांची नजर पेटीत गेली. वरच, लाल दोऱ्याची पट्टी पडली होती. त्यांनी ती उचलली, लोखंडी पट्टीच्या दोन भोकांवर धरली आणि पुष्कळ वेळ तशीच धरून ठेवली. पॅटर्नवाल्याशेजारी तीस वर्षं काम केलेला माणूस. त्याला काय सांगायचं?

"काय झालं, भावजी?" आईनं विचारलं.

हंबीररावांनी लाल दोऱ्याची पट्टी पेटीच्या तळाशी सरकवली. "काय न्हाई, वैनी," ते मोठ्यानं म्हणाले, नेहमीपेक्षाही मोठ्यानं. "इंजिन जुनं झालं की भोकं झिजत्यात. अंबादासचं बरोबर हाय. इंजिनाचं चुकलंय."

"तेच म्हटलं. त्यांचं चुकायचं नाही."

"चुकंल कसं?"

मग ते माझ्याकडे वाकले आणि हळू म्हणाले, "बारीक कानस घे. दोन्ही भोकं आतल्या अंगानं घास. पाऊण इकडं, पाऊण तिकडं. बसती. कुणाला कळायचं न्हाई."

मी पट्टी वाईसमध्ये धरली आणि कानस चालवायला लागले. लोखंडाचा बारीक चुरा खाली कागदावर पडत होता. घासताना मला कळत होतं की मी काय करते आहे. अर्ध्या तासात त्या पट्टीवर आण्णांच्या चुकीची काहीही खूण उरणार नव्हती. हंबीरराव जन्मात बोलणार नाहीत. मग मी काय पाहिलं होतं ते फक्त मला ठाऊक राहील, आणि काही वर्षांनी कदाचित मलाही नीट आठवणार नाही.

आई हंबीररावांना तीच हकिकत सांगत होती. "डॉक्टरांनी विचारलं हो, काल काही वेगळं वाटलं का. मी म्हटलं छे." शेंगा फोडण्याचा आवाज चालू होता. पण या खेपेला ती नेहमीच्या शब्दांवर थांबली नाही. तिच्या मनात पुढचं काही होतं आणि ते इतके दिवस आलेल्यांसमोर निघालं नव्हतं.

"पण भावजी, मी खोटं बोलले," ती म्हणाली.

माझी कानस थांबली.

"रात्री जेवताना त्यांच्या हातातनं भाकरी दोनदा पडली. म्हणाले, हात झोपलाय. मी म्हटलं, दिवसभर पाने धरल्यावर झोपणार नाही तर काय, आणि आमटी वाढली. वर मीच रागावले. या वयात कशाला ही कामं, म्हटलं." तिच्या हातात शेंग तशीच होती. "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मला ते आठवलं होतं. पण तोंडातनं छेच निघालं. बायकोला कळलं नाही म्हणायचे लोक. मी एकटीच होते ना जेवताना. ही आत पेपर तपासत होती."

"असं नगा म्हणू, वैनी," हंबीरराव म्हणाले. "झोपतोच की हात. माझाबी झोपतोय."

"त्या दिवसापासून मी सगळ्यांना सांगते, धडधाकट होते, धडधाकट होते. मलाच ऐकवते."

ती रडत नव्हती. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. आण्णा गेल्यापासून तिनं माझ्याकडे असं बघितलंच नव्हतं, आणि मीही तिच्या नजरेसमोर फारशी थांबले नव्हते.

"दर्शना, तू तर सकाळपासून त्यांच्याशेजारी होतीस. तुला काही दिसलं नाही ना गं? तुला दिसलं नाही, तर मला तरी काय कळणार होतं. एवढं सांग, म्हणजे मी गप्प बसते."

तिला माझं 'नाही' हवं होतं. नाही म्हटलं असतं तर तिच्यावरचं थोडं तरी उतरलं असतं, असं तिला वाटत होतं. पण मला दिसत होतं की ते उतरणार नव्हतं. फक्त त्या दिवसाची साक्षीदार म्हणून ती जन्मभर एकटी राहिली असती, आणि मी शेजारच्या खोलीत.

हंबीरराव खाकरले. "दर्शना, घास तू. होत आलंय."

मी कानस खाली ठेवली. हातावर काळा चुरा होता, तो ओढणीला पुसला. पायरीपर्यंत चार पावलं होती. तिच्यासमोर खाली, शेंगांच्या टरफलांशेजारी बसले. तिचा हात धरावा असं वाटलं, पण आधी बोलायला हवं होतं, नाहीतर हात धरून मी रडले असते आणि तेवढ्यावरच ते निभावलं असतं.

"दिसलं होतं, आई," मी म्हटलं. "दुपारी बारा वाजताच दिसलं होतं. त्यांनी खुणा करायला वाढीची पट्टी उचलली, मी बघत होते. चहा सांडला तेव्हा बघत होते. इंजिनाचं माप चुकलंय म्हणाले तेव्हा मला कळलं होतं की हे आण्णा बोलत नाहीत. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू निदान काहीतरी बोललीस, मी तेवढंही बोलले नाही. तुझी भाकरी नंतरची आहे. आधी मी होते. मी म्हटलं असतं, आण्णा, पट्टी चुकली, चला दवाखान्यात, तर ते आले असते. माझं ऐकायचे ते. मला दुसऱ्या दिवशी गाडी पाहिजे होती, आई, म्हणून मी बोलले नाही."